काउंटरवरच्या एका प्रश्नाएवढा धडा : नोकरी सांभाळून जेएआयआयबीची तयारी

"मॅडम, चेक परत आला. आता मी काय करायचं?"

हातात रिटर्न मेमो घेऊन एक दुकानदार माझ्या काउंटरसमोर उभे होते. माझं नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या जेएआयआयबी परीक्षेचं जाड पुस्तक महिनाभर रोज माझ्या पिशवीतून शाखेत येत होतं आणि संध्याकाळी तसंच घरी जात होतं. चेक न वटण्याचं प्रकरण मी वाचलेलं होतं, खालच्या रेघासुद्धा मारल्या होत्या. तरी समोरच्याला नोटीस किती दिवसांत द्यायची, हे मला सांगता आलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ मॅडमनी व्हाउचर तपासता तपासता सांगितलं, "तीस दिवस. मेमो मिळाल्यापासून."

ते उत्तर मी नंतर कधी विसरले नाही. त्या रात्री मी 'रोज वीस पानं' हे वेळापत्रक सोडलं आणि काउंटरवर आलेला एक प्रश्न रोज घरी न्यायचा, त्याचं उत्तर शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी न बघता सांगायचं, असं सुरू केलं. पुढची सगळी तयारी त्याच मापाने केली. एका पेपरला हे माप पुरलं नाही, त्याचंही पुढे सांगते. बँकेत नुकतेच लागलेल्या आणि 'अभ्यासाला वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी परीक्षेची ओळख

जेएआयआयबी घेते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, म्हणजे आयआयबीएफ. १९२८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्य कार्यालय मुंबईत कुर्ल्याला आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा मे-जूनच्या आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला. पेपर चार आहेत : इंडियन इकॉनॉमी अँड इंडियन फायनान्शियल सिस्टिम, प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेस ऑफ बँकिंग, अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंट फॉर बँकर्स, आणि रिटेल बँकिंग अँड वेल्थ मॅनेजमेंट. आपल्यात या नावांची लांबी कोणी उच्चारत नाही. पीपीबी, एएफएम अशीच ती ओळखली जातात.

प्रत्येक पेपर १०० गुणांचा, साधारण शंभर बहुपर्यायी प्रश्नांचा, वेळ दोन तास. पास व्हायला ५० गुण लागतात. एकाच प्रयत्नात सगळे पेपर देऊन प्रत्येकात किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के मिळाले, तरी पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

हा अभ्यासक्रम २०२३ पासूनचा आहे. त्याआधी पेपर तीनच होते आणि त्यातला एक कायद्याचा स्वतंत्र पेपर होता. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कित्येक 'शॉर्ट नोट्स' अजूनही त्या जुन्या पेपरच्या आहेत. वरचं शीर्षक लीगल अँड रेग्युलेटरी असं दिसलं की ती फाइल तयारीचा आधार म्हणून धरू नका.

धडा केवढा कापायचा

'लहान धडा' म्हटलं की लोक मिनिटं मोजतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ, पाच पानांचं टिपण. माझं माप वेगळं आहे : ग्राहक उभ्या उभ्या विचारतो आणि आपण चार वाक्यांत उत्तर देतो, तेवढा एक धडा. उत्तर चार वाक्यांत बसत नसेल तर त्या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले आहेत, ते सोडवून वेगळे करायचे.

चेक न वटण्याचंच घ्या. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ चं कलम १३८ पुस्तकात सलग येतं आणि वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. मी त्याच्या पाच चिठ्ठ्या केल्या होत्या :

चेक किती दिवसांत बँकेत लागला पाहिजे? त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत.
पैसे मागणारी नोटीस कधीपर्यंत पाठवायची? चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत.
नोटीस मिळाल्यावर चेक देणाऱ्याला पैसे भरायला किती मुदत? १५ दिवस.
तरी पैसे आले नाहीत तर तक्रार कधीपर्यंत? ते १५ दिवस संपल्यापासून एक महिन्यात.
शिक्षा काय? दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तीन महिने, तीस दिवस, पंधरा दिवस, एक महिना हे आकडे एका परिच्छेदात वाचले की एकमेकांत मिसळतात, आणि परीक्षेत चारही पर्याय नेमके याच आकड्यांचे असतात. वेगळ्या चिठ्ठीवर आले की प्रत्येक आकड्याला स्वतःचा प्रश्न मिळतो.

दुसरं उदाहरण ठेवीचं. "नॉमिनी माझा पुतण्या आहे, म्हणजे पैसे त्याचेच ना?" हा प्रश्न प्रत्येक शाखेत येतो. नॉमिनीला बँक पैसे देते आणि मोकळी होते; पण त्या पैशावर वारसांचा जो हक्क असेल तो तसाच राहतो. एवढा एक धडा झाला. नामनिर्देशन बँकिंग रेग्युलेशन अॅक्टच्या कोणत्या कलमात येतं (ठेवींसाठी ४५झेडए, लॉकरसाठी ४५झेडई), हा दुसरा. पहिला समजला असेल तर दुसरा पाठ व्हायला वेळ लागत नाही. उलट क्रमाने गेलात तर कलम लक्षात राहतं आणि त्यात काय आहे ते आठवत नाही.

सहकारी बँकांमुळे महाराष्ट्रात सर्रास ऐकू येणारा प्रश्न असा : "बँक बुडाली तर माझे किती पैसे सुरक्षित?" ठेवींचा विमा उतरवणाऱ्या डीआयसीजीसी या संस्थेचं विमा संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे. मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली ती ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याच बँकेच्या तीन शाखांत त्याच नावाने ठेवी असल्या तरी तिन्ही एकत्र धरल्या जातात आणि व्याजही त्यात येतं. यातल्या 'तीन शाखा'च्या मुद्द्यावर केस देऊन प्रश्न सहज काढता येतो, म्हणून त्याची चिठ्ठी वेगळी.

समजूत मराठीत, संज्ञा इंग्रजीत

परीक्षेचं माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे. आपण काउंटरवर दिवसभर बोलतो मराठी. सुरुवातीला मी सगळं इंग्रजीत उतरवून घ्यायचे आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं पाठ करायचे. परीक्षेत तेच वाक्य वेगळ्या शब्दांत आलं की ओळखूच यायचं नाही.

मग रीत बदलली. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला स्वतःच्या मराठीत उत्तर, आणि मूळ संज्ञा मात्र परीक्षेत येईल तीच. हायपोथिकेशन, प्लेज आणि मॉर्गेज यांतला फरक मी असा लिहिला होता : 'सोनेतारणात दागिना बँकेच्या तिजोरीत येतो – प्लेज. रिक्षाच्या कर्जात रिक्षा मालकच चालवतो, बँकेचा फक्त बोजा – हायपोथिकेशन. जमीन, घर, गाळा अशी स्थावर मालमत्ता गहाण – मॉर्गेज.' ताबा कोणाकडे आणि वस्तू जंगम की स्थावर, हे दोन प्रश्न विचारले की बरोबर संज्ञा सापडते. तीन व्याख्या शब्दशः पाठ करण्यापेक्षा हे खूप टिकलं.

लिअन, सेट-ऑफ, गार्निशी ऑर्डर अशा कायद्याच्या संज्ञांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. गार्निशी ऑर्डर आली की शाखेत काय होतं ते मराठीत लिहा : कोर्टाचा आदेश येतो, ग्राहकाचं बँकेकडे असलेलं येणं थांबवलं जातं. त्यावरची माझी आवडती चिठ्ठी : 'एकट्या अ च्या नावाने आदेश आला आणि खातं अ व ब यांचं संयुक्त आहे, तर?' ते खातं त्या आदेशात अडकत नाही. 'कॅश क्रेडिटची (मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायच्या कर्जाची) न उचललेली मर्यादा शिल्लक आहे, ती?' तीही नाही, कारण ते पैसे बँक ग्राहकाला देणं लागत नाही.

दिवसात कुठे बसवायचं

काउंटरवर फोन काढून अभ्यास करू नका. ग्राहकाला ते दिसतं, आणि कॅश हाताळताना लक्ष विभागलं तर संध्याकाळी टॅली लागत नाही. दिवसभरात फक्त प्रश्न टिपायचा. मी टेबलावरच्या पॅडच्या कोपऱ्यात दोन-तीन शब्द लिहून ठेवायचे : 'मयत खातं–लॉकर', 'मायनरचं एफडी'. ग्राहकाचं नाव किंवा खाते क्रमांक कधीच नाही. ते शाखेबाहेर जाता कामा नये.

डे-एंड (दिवसाचे व्यवहार बंद करण्याचं काम) झाल्यावर निघण्यापूर्वी पाच मिनिटं वरिष्ठांना विचारण्यासाठी ठेवा. चिठ्ठी लिहायचं काम घरी, जेवणाआधी, पंधरा-वीस मिनिटांचं. जेवणानंतर माझ्याच्याने झालं नाही, तुमचं होत असेल तर जरूर करा. आणि उजळणी प्रवासात : लोकल, एसटी, शाखेच्या गावी जाणारी वडाप, जे असेल ते. गर्दीत नवीन काही डोक्यात शिरत नाही, पण जुन्या दहा चिठ्ठ्या मनात उत्तर देऊन उलटता येतात.

उत्तर आधी मनात पूर्ण द्या आणि मगच चिठ्ठी उलटा. घाईत चिठ्ठी उलटून 'हो, हेच होतं' म्हटलं तर ते वाचन झालं, उजळणी झाली नाही. छोट्या व्हिडिओंचंही तेच आहे. सात मिनिटांचा चांगला व्हिडिओ पाहून झाला की बंद करून त्यातला एक प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तर त्या दिवशीचा धडा अजून झालेला नाही, असं समजा.

माझ्या चिठ्ठ्या जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीच्या कापलेल्या होत्या आणि तीन पाकिटांत असायच्या. नवी चिठ्ठी पहिल्या पाकिटात, ते रोज. बरोबर आली की दुसऱ्यात, ते तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आली की तिसऱ्यात, ते आठवड्याने. कुठल्याही पाकिटातली चुकली की थेट पहिल्यात परत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. विसरणं सर्वांत जास्त पहिल्या काही तासांत आणि दिवसांत होतं, हे त्यात दिसलं. म्हणून पहिलं पाकीट रोजचं. मोबाइलवरच्या अॅपमध्येही हे सगळं होतं. तुम्हाला फोन उघडल्यावर दुसरीकडे न भरकटता थेट तिथे जाता येत असेल, तर अॅप वापरा.

एएफएम : इथे लहान धडा पुरत नाही

हिशेबाचा आणि फायनान्सचा हा पेपर माझा पहिल्या वेळेला राहिला. कारण मला माहीत आहे : मी त्याच्याही चिठ्ठ्याच केल्या होत्या. सूत्रं तोंडपाठ होती. पण सूत्र आठवणं आणि दोन मिनिटांत आकडा काढणं ही दोन वेगळी कामं आहेत.

इथे धडे लहान कापा, पण त्यांची साखळी करा आणि ती एका बैठकीत सोडवा. बाँडची किंमत काढायची असेल तर :

पहिला धडा. आजचे १००० रुपये १० टक्क्यांनी दोन वर्षांनी किती? १२१०.
दुसरा. हेच उलट. दोन वर्षांनी मिळणाऱ्या १२१० ची आजची किंमत किती? १०००. यात वर्तमान मूल्य समजलं.
तिसरा. पुढची तीन वर्षं दर वर्षाच्या शेवटी ८० रुपये मिळणार आहेत. १० टक्के दराने त्यांची आजची किंमत?
चौथा. दर्शनी किंमत १०००, व्याज ८ टक्के, मुदत तीन वर्षं, बाजारात अपेक्षित परतावा १० टक्के. बाँड किती रुपयांना घ्यावा?

परीक्षेला साधा, १२ अंकी, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार-टक्के-वर्गमूळ अशी साधी कामं करणारा कॅल्क्युलेटर चालतो. सायंटिफिक चालत नाही. म्हणून तिसऱ्या धड्यासाठी ही क्लृप्ती हाताला लावून घ्या : १ भागिले १.१, मग बरोबरचं बटण. ०.९०९१ येतं. पुन्हा बरोबर, ०.८२६४. पुन्हा, ०.७५१३. तिन्हींची बेरीज २.४८६८. तिला ८० ने गुणलं की १९८.९४. चौथ्या धड्यात फक्त तीन वर्षांनी परत मिळणाऱ्या १००० चे ७५१.३० मिळवायचे. बाँडची किंमत जवळपास ९५० रुपये. काही कॅल्क्युलेटरवर बटणांचा क्रम थोडा वेगळा लागतो, तेव्हा परीक्षेला जो नेणार त्याच्यावरच सराव करा.

पाचवा धडा आकड्यांचा नाही : किंमत हजारापेक्षा कमी का आली? बाजार १० टक्के मागतोय आणि बाँड ८ च देतोय, म्हणून. हे कळलं असेल तर चार पर्यायांपैकी हजाराच्या वरचे पर्याय आकडेमोड न करताच बाद होतात.

ही साखळी मला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं घ्यायची, म्हणून एएफएम मी आठवड्याच्या दिवसांत घेणं बंद केलं आणि सुट्टीच्या सकाळी घेऊ लागले. घसारा, बँक रिकन्सिलिएशन, ब्रेक-इव्हन या सगळ्यांना हेच लागू आहे. दुसऱ्या वेळेला पेपर निघाला.

रविवारी तुकडे जोडायचे

पेपरमध्ये केस देऊन त्यावर प्रश्न येतात, आणि त्यात तुमच्या पाच वेगवेगळ्या चिठ्ठ्या एकाच गोष्टीत येऊन बसतात. त्यासाठी रविवारी एक तास काढून आठवड्याच्या चिठ्ठ्यांमधून एक खातं रचा आणि त्याची सगळी वाट कागदावर चालून बघा.

उदाहरणार्थ, गाळा गहाण ठेवून घेतलेलं मुदत कर्ज. ३१ मार्चचा हप्ता आला नाही. त्या दिवसाचं डे-एंड झालं की थकबाकी सुरू. तशीच राहिली तर ३० एप्रिलच्या डे-एंडला खातं एसएमए-१ (थकू लागलेल्या खात्याची धोक्याची खूण), ३० मे रोजी एसएमए-२, आणि २९ जूनला एनपीए, म्हणजे ९० दिवस थकलेलं अनुत्पादित कर्ज. दिवस बोटांवर मोजून बघा, कारण चूक इथेच होते : अनेक जण एनपीएची तारीख ३० जून सांगतात. पुढे तारण ताब्यात घेऊन कर्ज वसूल करण्याच्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, मग १३(४) खाली ताबा, त्याविरुद्ध कर्जदाराला डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला ४५ दिवस. आता गाळ्याच्या जागी शेतजमीन ठेवा. सरफेसी लागू होत नाही. कर्ज पीककर्ज करा. तिथे ९० दिवसांचा नियमच बदलतो : अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम.

एकच गोष्ट अशी दोन-तीनदा बदलून बघितली की नियमाची हद्द कुठे संपते ते दिसतं. हा तास चुकवू नका. घाईच्या आठवड्यात चिठ्ठ्या कमी झाल्या तरी चालेल.

नियम बदलतो तेव्हा

आयआयबीएफची एक सोय फार थोड्यांना माहीत असते. फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षांना आदल्या ३१ डिसेंबरपर्यंतचे नियम आणि परिपत्रकं धरतात. ऑगस्ट ते जानेवारीमधल्यांना ३० जूनपर्यंतची. नामनिर्देशनाचंच बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. २०२५ च्या हिवाळ्यात परीक्षा देणाऱ्याचं बरोबर उत्तर जुनंच होतं, २०२६ च्या उन्हाळ्यात देणाऱ्याचं नवं. काउंटरवर मात्र त्या तारखेपासून नवाच नियम. म्हणून ज्या चिठ्ठीवर मर्यादा, दर किंवा मुदत आहे तिच्या कोपऱ्यात 'अमुक तारखेपासून' लिहाच.

शेवटच्या महिन्यात दर रविवारी दोन तासांचा पूर्ण पेपर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पंधरा मिनिटांच्या तुकड्यांची सवय झालेलं मन तासाभरानंतर सैल पडतं, आणि ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये. गुण कापत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अडलेल्याला खूण करून पुढे जायचं, शेवटच्या दहा मिनिटांत परत यायचं. शेवटचे आठ-दहा दिवस नवी चिठ्ठी लिहू नका.

सुरुवात उद्याच करायची असेल तर पहिल्या आठवड्याचे प्रश्न हे घ्या, आणि काउंटरवर याहून चांगला आला तर यातला एक खुशाल काढून टाका. सोमवारी : नॉमिनी म्हणजे वारस का? मंगळवारी : चेक परत आला, नोटीस कधीपर्यंत? बुधवारी : सोनेतारण आणि वाहनकर्ज यांत बँकेचा हक्क कसा वेगळा? गुरुवारी : पाच लाखांच्या विम्यात व्याज धरतात का? शुक्रवारी : संयुक्त खात्यावर एकाच्याच नावाने गार्निशी आली तर? शनिवारी कॅल्क्युलेटर घेऊन १ भागिले १.१. आणि रविवारी सकाळी, ३१ मार्चला थकलेला तो हप्ता.